कॅक्टस बुडापासून मऊ पडलाय, वाचेल का?

मधली आळी | ११ जुलै, रात्री १०:१४

नमस्कार मंडळी. ठाण्यात भाड्याने राहते. आधीचे भाडेकरू जाताना गॅलरीत एक कॅक्टस सोडून गेले, तेव्हापासून तो माझ्याकडे आहे. कमरेइतका उंच, सरळसोट, सहा धारा, निळसर हिरवा. उन्हाळाभर ठणठणीत होता. पाऊस लागल्यापासून बुडाचा वीतभर भाग पिवळट तपकिरी झालाय आणि दाबलं की बोट रुततं. वरचा भाग कडक आहे. कालपासून भिंतीकडे कललाय. कुंडी पांढरी, चिनीमातीची, चांगली जड आहे. पाणी आठवड्यातून एकदाच, तेही पेलाभर.

घरमालकीण काकूंचं म्हणणं, काटेरी झाड घरात असूच नये, बरं झालं आपोआप जातंय. मला मात्र ते टाकवत नाहीये. खत घालू का? की जास्त उन्हात ठेवू?

शेजारचा बंड्या | ११ जुलै, रात्री १०:३१

फोटो टाका फोटो. नाहीतर इथे वास्तुशास्त्रावर शंभर प्रतिसाद पडतील आणि झाड बिचारं जागच्या जागी जाईल.

कोथिंबीर जुडी | ११ जुलै, रात्री १०:५०

मी सगळ्या कुंड्यांना चहाचा चोथा धुऊन घालते आणि महिन्यातून एकदा चमचाभर एप्सम सॉल्ट. गुलाब काय सुंदर आलाय म्हणून सांगू. करून बघ, पिवळेपणा जाईल.

काटेकोर | ११ जुलै, रात्री ११:२८

जुडीताई, गुलाबाला मानवतं ते इथे चालायचं नाही. मुळं काम करत नसताना घातलेलं खत मातीतच साठतं आणि उरलीसुरली मुळं जाळतं. चोथ्याने ओल धरून राहते, वर चिलटं होतात आणि त्यांच्या अळ्या कोवळी मुळं खातात.

मधली आळी, वर्णनावरून बुडाला कूज लागलेली दिसते. निवडुंग आजारी पडला की लोक औषध विचारतात, मी आधी झाड कुंडीतून बाहेर काढायला सांगतो. वरून दिसणाऱ्या लक्षणांवर जाऊ नये. बुड तपकिरी पण टणक असेल तर तो आजारच नाही, वयाप्रमाणे साल लाकडासारखी होते. अंग सुरकुतलंय पण घट्ट आहे, तर एक तर झाड तहानलेलं आहे किंवा पाणी भरपूर आहे पण ते प्यायला मुळंच उरलेली नाहीत. दोन्हींत झाड दिसायला सारखंच, आणि आपण दोन्हींत पाणीच घालतो. दुसऱ्या प्रकारात ते शेवटचं पाणी ठरतं. मऊ, पाणचट लागलं तर मात्र कूज. हे बोटाला कळतं, फोटोत कळत नाही. त्यामुळे बंड्याभाऊ, फोटो आला नाही तरी चालेल.

उद्या सकाळी वर्तमानपत्राची पाच-सहा पदरी पट्टी करा, झाडाच्या मध्यावर गुंडाळा, पट्टीची दोन्ही टोकं एका हातात धरा. कुंडी आडवी करून माती सैल करा आणि झाड सावकाश ओढून घ्या. कुंडीला खाली भोक आहे का ते बघा. मुळं निरोगी असतील तर पांढरट किंवा फिकट तपकिरी दिसतील आणि ओढली तरी तुटणार नाहीत. कुजलेली असतील तर साल चिमटीत येईल आणि आत नुसता दोरा उरेल. तोवर पाण्याचा थेंबही नको.

आणखी एक. कडेला सुईने जरा टोचून बघा. पांढरा चीक आला तर तो निवडुंग कुळातलाच नाही, युफोर्बिया आहे, आपला शेताच्या बांधावरचा थोर असतो त्यातला. त्याचा चीक डोळ्यात गेला तर भलतंच होऊन बसेल, तेव्हा चष्मा लावून टोचा.

मधली आळी | १२ जुलै, सकाळी ९:४०

चीक नाही, पाण्यासारखा चिकट रस आला.

बाकी काय सांगू! कुंडीला भोक नाहीच. तळाशी चार बोटं नुसता चिखल, आणि वास असा की काकूंनी त्यांच्या खिडक्या लावून घेतल्या. वर लाल माती, तिच्या आत मुठीएवढा काळपट गोळा, त्याला बारीक जाळी गुंडाळलेली. मुळं जवळपास सगळी चिमटीत निघाली. मातीवर रंगीत खडे होते, तेही एकमेकांना चिकटवलेले.

काटेकोर | १२ जुलै, सकाळी १०:१५

तो काळपट गोळा म्हणजे कोकोपीट, नारळाच्या काथ्याचा भुसा. रोपवाटिकेत झाड त्यातच वाढवतात, कारण ते हलकं असतं आणि पाठवायला सोपं जातं. विकणारा वरून माती भरून देतो. हे कोकोपीट दोन्हीकडून त्रास देतं. एकदा पूर्ण सुकलं की पाणी आत नीट शिरत नाही, बरंचसं कडेने निघून जातं. आणि भिजलं की मधला गाभा आठवडेच्या आठवडे ओला राहतो. मुळं नेमकी त्याच गाभ्यात. खडे चिकटवल्यामुळे वरूनही हवा बंद. नवीन निवडुंग आणला की फुलं येण्याची वाट बघू नका, आधी ही जाळी कापून गोळा सोडवा.

दोष पावसाचा नाही. तुमचं झाड सेरेयस जातीचं असणार, मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. मुंबई-ठाण्याच्या जुन्या सोसायट्यांच्या कंपाउंडला लागून हेच झाड दुसऱ्या मजल्यापर्यंत गेलेलं दिसेल, चारही महिने धो धो पावसात उभं. तिथे पाणी येतं आणि जातं. तुमच्या कुंडीत नुसतं येत होतं.

पेलाभर पाणी हे कमी आहे की जास्त, हे महिन्यावर ठरतं. निवडुंग दिवसा रंध्रं मिटून घेतो आणि रात्री उघडतो. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा उजेडात वापरतो. त्यामुळे त्याचं पाणी मुळात कमी खर्च होतं. त्यात जुलैची दमट हवा आणि ढगाळ दिवस, म्हणजे खर्च जवळपास नाहीच. मे महिन्यात तोच पेला दोन-तीन दिवसांत संपत असेल.

आता कापावं लागेल. कोरड्या हवेत कापणं बरं, पण कूज थांबत नाही, आजच कापा.

लांब पात्याची धारदार सुरी घ्या, करवतीच्या दात्यांची नको. औषधाच्या दुकानात सर्जिकल स्पिरिट मिळतं, त्याने पातं पुसा. मऊ भागाच्या वर चार बोटं आडवा काप घ्या आणि कापलेलं तोंड उजेडात बघा. मध्ये एक गोल कडं दिसेल, झाडाच्या पाण्याच्या नळ्या तिथे असतात. त्या कड्यावर नारिंगी किंवा तपकिरी ठिपका दिसला तर अजून वर कापा. प्रत्येक कापाआधी पातं पुन्हा स्पिरिटने पुसायचं, नाहीतर तुम्हीच सुरीने रोग वर नेताय. बाहेरचा गर हिरवा, रसरशीत दिसला म्हणून थांबू नका. कूज कड्यातून वर चढते आणि गराला मागाहून धरते. एक ठिपका राहिला तर महिन्याभराने सगळं झाड जातं.

मधली आळी | १२ जुलै, दुपारी १:०५

चकत्या काढत गेले. खालची चकती तर चाकूला चिकटून आली, आत सगळं मातकट आणि पाणीच पाणी. त्याच्या वरच्या चकत्या बघून वाटलं झालं, पण कड्यावर एका बाजूला नारिंगी रेघ होती, केसाएवढी. ती वर वर बारीक होत गेली आणि एकदाची संपली. आता जेमतेम निम्मं झाड हातात आहे. तोंड स्वच्छ, फिकट हिरवं, कडं पांढरं. यावर हळद लावू का?

माडाखाली | १२ जुलै, दुपारी १:३०

आम्ही फोंड्याला हळदच लावतो ताई. आई तर अळवापासून अबोलीपर्यंत सगळ्यांना हळदच लावते.

वऱ्हाडी ठेचा | १२ जुलै, दुपारी १:४२

दालचिनीची पूड लावा जी. आंतरजालावर सगळे तेच सांगतात.

काटेकोर | १२ जुलै, दुपारी २:२०

हळदीने नुकसान नाही, पण माझा भर तिच्यावर नाही. दालचिनी सालीच्या जखमेवर ठीक, जिथून मुळं फुटायची त्या तोंडावर मी लावत नाही, ती फार कोरडं करते. शेती सेवा केंद्रात 'साफ' नावाचं बुरशीनाशक मिळतं, कार्बेन्डाझिम आणि मॅन्कोझेब यांचं मिश्रण. त्याची कोरडी पूड कुंचल्याने अगदी पातळ लावली तर पावसाळ्यात फायदा होतो. फवारायचं असेल तर लिटरला दोन ग्रॅम. हातमोजे घाला, नाकाला फडकं बांधा, स्वयंपाकघरातला चमचा वापरू नका आणि पुडी मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. गंधकाची भुकटी असेल तर तीही चालते.

पण खरं काम वाळवण्याने होतं. पूड लावली आणि दुसऱ्या दिवशी मातीत खोचलं तर कुठलंच औषध उपयोगी पडत नाही.

वाळायला ठेवण्याआधी कापलेल्या तोंडाची कड सगळीकडून तिरकी छिला, पेन्सिलला टोक काढतो तशी, पण मध्यभागाला हात लावू नका. कारण असं की सुकताना मधला गर आत ओढला जातो आणि सालीची कड तशीच राहते, तळाला वाटी तयार होते. मुळं फुटतात मधल्या कड्यातून. वाटी झाली तर ती अधांतरी राहतात.

मग रिकाम्या कुंडीत किंवा बादलीत कागदाचे बोळे भरून झाड उभं ठेवा, तोंड कशालाही न टेकवता. आडवं ठेवू नका, शेंडा उजेडाकडे वळतो आणि मुळं कुशीतून फुटतात. जागा सावलीची, वारा खेळता, थेट ऊन नको. एरवी आठ-दहा दिवस पुरतात, एवढ्या जाड खोडाला पावसाळ्यात तीन आठवडेही लागतील. पंख्याखाली ठेवता आलं तर उत्तम. तोंड कडक, कोरडं, फिकट पिवळं झालं की इथे सांगा.

शेजारचा बंड्या | १२ जुलै, दुपारी ३:००

माणसापेक्षा या झाडाचं पथ्य कडक. वाचनखूण साठवली आहे.

कोथिंबीर जुडी | १३ जुलै, सकाळी ११:१०

काटेकोर दादा, चोथ्याचं पटलं. माझाही एक प्रश्न. ऑफिसात टेबलावर छोटा कॅक्टस आहे, खाली हिरवी तिधारी काडी आणि वर लालचुटुक गोळा. संगणकाचे किरण शोषतो म्हणून सगळ्यांना वाटले होते. माझा लाल गोळा आता फिका आणि खालची काडी पिवळी पडलीये. पाणी कमी की जास्त?

काटेकोर | १३ जुलै, दुपारी १२:३०

किरणबिरण काही शोषत नाही. उलट त्या समजुतीपायी हजारो निवडुंग उजेड नसलेल्या टेबलांवर उपाशी मरतात.

तुमच्याकडे कलम आहे, एकावर एक बसवलेली दोन वेगळी झाडं. वरचा गोळा जिम्नोकॅलिशियम मिहानोविची. त्यात हरितद्रव्य नाही, म्हणून आतला लाल रंग उघडा पडतो. १९४० च्या दशकात जपानमधल्या एका रोपवाटिकेत अशी लाल रोपं निघाली आणि कलम करून जगवली गेली. स्वतःचं अन्न तो करू शकत नाही, खालच्या काडीवर जगतो. आणि ती काडी म्हणजे ड्रॅगन फ्रूटची वेल! तिला उजेड लागतो, वाळवंटी निवडुंगापेक्षा जास्त पाणी लागतं आणि ए.सी.ची थंडी सोसत नाही.

काडी पिवळी पण घट्ट असेल तर खिडकीत हलवा, सकाळचं ऊन मिळू दे. काडी मऊ असेल आणि गोळा घट्ट असेल तर पुन्हा कलम करता येतं. सांगली, सोलापूरकडे आता ड्रॅगन फ्रूटच्या बागा आहेत, ओळखीतून एक ताजी काडी मागवा. दोन्ही सपाट कापा, दोन्हींची मधली कडी एकमेकांवर कुठेतरी येतील असं बसवा, वरून खाली दोन रबरबँड ओढा आणि आठवडाभर सावलीत ठेवा. एरवीही ही कलमं काही वर्षांचीच सोबती, हे धरून चाला.

पेठेतला प्र. | १३ जुलै, रात्री ९:१५

अवांतर आहे, पण राहवत नाही. निवडुंग कुळ जवळजवळ सगळं अमेरिका खंडातलं, म्हणजे आपल्याकडचा फड्या निवडुंगही परदेशीच. पण इथे असा रुळला की नाना पेठेतल्या विठोबाला निवडुंग्या विठोबा म्हणतात. तुकोबांच्या पालखीचा पुण्यातला मुक्काम तिथेच असतो.

ईस्ट इंडिया कंपनीला लाल रंगाचा धंदा करायचा होता. निवडुंगावर जगणाऱ्या कोचिनील किड्यापासून तो रंग निघतो. १७९५ मध्ये ब्राझीलहून बंगालमध्ये किडे आणले, पण आली भलतीच जात. रंग हलक्या प्रतीचा निघाला आणि त्या किड्याने निवडुंगाची रानंच्या रानं फस्त केली. तण मारायला कीड सोडण्याच्या शास्त्रात हे उदाहरण अगदी सुरुवातीचं म्हणून सांगतात, आणि ते घडलं चुकून.

काटेकोर | १३ जुलै, रात्री ९:५०

प्र., अवांतर कसलं, फड्या निवडुंगावर कापसासारखं दिसतं तो अनेकदा कोचिनील किडाच असतो. काडीने चिरडला की गडद लाल डाग पडतो, यावरून ओळखा.

घरातल्या कुंडीत मात्र बहुतेक वेळा पिठ्या ढेकूण असतो, पीठ लागल्यासारखा पांढरा किडा. कुंडीवर मुंग्यांची ये-जा दिसली तर काट्यांच्या बुंध्याशी भिंग धरून बघा. मुंग्या त्याच्या गोड चिकट्यासाठी येतात आणि त्याला सांभाळतात. इअर बड स्पिरिटमध्ये बुडवून एकेका ढेकणाला टिपायचं, संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. दर चार-पाच दिवसांनी पुन्हा, कारण अंडी राहून जातात. निळसर लव असलेल्या निवडुंगावर स्पिरिट फासू नका, ती मेणाची लव जाते आणि परत येत नाही.

मुळांवरचा पिठ्या ढेकूण जास्त वाईट. झाड वर्षभर जागचं हलत नाही, ना वाढ ना फूल, कूजही नाही. कुंडीतून काढलं की मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या बाजूला पांढरी भुकटी दिसते. सगळी माती झटकायची, मुळं नळाखाली धुवायची, आठवडाभर उघडी वाळवायची, जुनी माती फेकून द्यायची.

वऱ्हाडी ठेचा | १४ जुलै, सकाळी ८:२०

आमच्या नागपुरात कूज कमी, भाजण्याचंच दुखणं जास्त. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जाते. सावलीतलं रोप एकदम गच्चीवर ठेवलं की पश्चिमेकडची बाजू दोन दिवसांत पांढरीफटक पडते, मग तिथं खरखरीत खपली येते ते कायमची. लोक त्याला बुरशी समजून औषध फवारतात. फक्त ज्या बाजूला ऊन लागलं तिथंच डाग असन, तर ते बुरशी नाही भाऊ. हिरवी जाळी लावा, पन्नास टक्केवाली, अन् रोप आठ-पंधरा दिवसांत हळूहळू उन्हाला आणा.

बर्फातली भाकरी | १४ जुलै, दुपारी २:४०

म्युनिकहून लिहितेय, इथलं गणित उलटं. हिवाळ्यात घरात हीटर, बाहेर चार वाजता अंधार. त्या उबेत पाणी घालत राहिलं की शेंड्याला फिकट, बारीक वाढ येते. ती पुढे कितीही ऊन दिलं तरी जाड होत नाही, झाडाला कायमची मान पडते. इथले जुने लोक ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत निवडुंग न तापवलेल्या जिन्यात ठेवतात, पाच ते दहा अंशांत, पाणी जवळजवळ बंद. थंडी आणि कोरडेपणा एकत्र सोसतो, थंडी आणि ओल नाही. वसंतात मॅमिलारिया जातीच्या निवडुंगाला कड्यासारखी फुलं येतात ती त्या विश्रांतीमुळे.

मुंबईत मावशीकडे त्याच जातीला फूल येत नाही म्हणून ती खत बदलत असते. तिला थंडी कुठून आणून देऊ?

आज्जीची गच्ची | १५ जुलै, सायंकाळी ६:०५

मुलांनो, हे सगळं वाचून मी माझ्या ब्रह्मकमळाचं पाणी बंद केलं, तोही कॅक्टसच म्हणतात ना? पण पानं अजूनच लोळागोळा झाली.

काटेकोर | १५ जुलै, सायंकाळी ६:४०

आज्जी, लगेच पाणी द्या! ब्रह्मकमळ निवडुंगच, पण जंगलातला. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या रानात झाडांच्या फांद्यांवर, पालापाचोळ्यात वाढतो. तुम्ही पानं म्हणता ती चपटी खोडंच. त्याला झिरपती सावली, पानांचं कुजलेलं खत आणि वरचेवर ओलावा लागतो. फक्त कुंडीत पाणी तुंबू नये. दुपारचं कडक ऊन नको, त्याने पिवळं पडतं. हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं, ते सूर्यफुलाच्या कुळातलं. भाकरीताईंकडे ख्रिसमस कॅक्टस असेल तर तोही असाच, ब्राझीलच्या किनाऱ्याजवळच्या डोंगरांतला. या दोघांना खांबासारख्या किंवा गोल निवडुंगांचं पथ्य लावू नका.

आज्जीची गच्ची | १५ जुलै, सायंकाळी ७:००

दिलं हो. सुखी राहा.

मधली आळी | ६ ऑगस्ट, रात्री ९:३०

तोंड वाळलं. नखाने वाजवलं तर टक टक आवाज येतो. खाली मधोमध किंचित खळगा पडलाय, पण कड छिलल्यामुळे कडं पुढे आहे, सांगितलं होतं अगदी तसं. आता माती कसली घेऊ? कोपऱ्यावरच्या रोपवाटिकेत 'कॅक्टस मिक्स' मिळतं, उघडून बघितलं तर पुन्हा कोकोपीटच!

काटेकोर | ६ ऑगस्ट, रात्री १०:१०

ते मिक्स ठेवा मनीप्लँटला.

दहा वाट्यांत सात वाट्या खडबडीत माल आणि तीन वाट्या खाऊ माती, हे माझं प्रमाण. खडबडीत म्हणजे मुरूम, विटेचे तुकडे, कोळशाचे बारीक तुकडे, मिळालं तर प्युमिस किंवा परलाइट, म्हणजे हलके सच्छिद्र खडे. आकार ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्यापर्यंत. त्याहून बारीक जे असेल ते चाळून टाकून द्या. बांधकामावर आता नदीच्या वाळूऐवजी क्रश सँड असते, तिच्यात दगडाची पीठगत भुकटी फार. न धुता वापरली तर कुंडीत सिमेंट होतं. समुद्राची वाळू खारट, हात लावू नका. देशावरची काळी माती चिमूटभरही नको, भिजली की फुगते, सुकली की भेगाळते आणि दोन्ही वेळा मुळं तोडते. उरलेल्या तीन वाट्यांत चांगलं मुरलेलं गांडूळखत किंवा पानांचं खत आणि थोडी लाल माती.

कुंडी मातीची, भोकाची, झाडापेक्षा चहूबाजूंनी बोटभरच मोठी. मोठी कुंडी म्हणजे जास्त ओली माती आणि ती प्यायला मुळं नाहीत.

झाड दोन बोटंच खोल ठेवा, काठीला सैल बांधा. मिश्रण पूर्ण कोरडं. पाणी नाही. मुळं फुटेपर्यंत झाड अंगातल्या साठ्यावर जगतं, थोडं सुरकुतेल, घाबरू नका. उपटून उपटून बघू नका. शेंड्याला ताजी हिरवी चमक आली किंवा हलकेच हलवल्यावर झाड मातीला धरून आहे असं जाणवलं, की कडेने थोडंसं पाणी.

माडाखाली | ७ ऑगस्ट, सकाळी ७:५०

आमच्याकडे मुरूम नाही, मी जांभ्या दगडाचा भुगा चाळून वापरतो, निचरा एकदम झकास. आणि जून ते सप्टेंबर सगळ्या कुंड्या पारदर्शक पत्र्याखाली. आमच्या कोकण-गोव्याच्या लोकांनी औषधापेक्षा पत्र्यावर खर्च करावा असं माझं मत.

काटेकोर | ७ ऑगस्ट, सकाळी ८:३०

शंभर टक्के अनुमोदन. फक्त पत्रा सर्व बाजूंनी उघडा हवा, आत कोंडलेली दमट हवा पावसापेक्षा वाईट.

शेजारचा बंड्या | ७ ऑगस्ट, सकाळी ९:००

वास्तूवर अजून एकही प्रतिसाद नाही. हे संकेतस्थळ बदललंय.

मधली आळी | २१ सप्टेंबर, दुपारी ४:१५

गणपतीला गावी गेले होते, काकूंना सांगून गेले होते की पाणी घालू नका. त्यांनी खरंच नाही घातलं. आल्यावर हलवून बघितलं, धरलंय! शेंड्यावर नवीन काटे आलेत, पिवळसर, अजून मऊ आहेत. कडेने अर्धा पेला पाणी घातलं आणि दोन दिवसांत सुरकुत्या कमी झाल्या.

आणि एक गंमत. कापताना मधला एक तुकडा चांगला वाटला म्हणून मी वाळवून जुन्या डब्यात ठेवला होता, खाली भोकं पाडून. त्याच्या धारेवर दोन हिरवे कोंब आलेत, हरभऱ्याएवढे. हे तोडू का?

काटेकोर | २१ सप्टेंबर, सायंकाळी ५:००

झकास! तोडू नका. खालच्या बाजूनेच मातीत लावलाय ना? उलटा लावला असेल तर नीट धरत नाही. कोंब तळहाताएवढे लांब होऊ देत, मग काढा, वाळवा आणि तशीच लागवड. शेंडा तोडल्यावर धारेवरच्या काट्यांच्या गादीतून फुटवे येणं ही या झाडाची रीतच आहे.

मोठ्या झाडाला आता ऑक्टोबरच्या उन्हात एकदम ढकलू नका. ठेचासाहेबांनी सांगितलंय तसं हळूहळू. पाणी माती तळापर्यंत सुकल्यावरच. काडी खुपसून बघा, काडी कोरडी बाहेर आली तर पाणी, आणि मग भोकातून बाहेर येईपर्यंत. घोट घोट रोज नको. खत पुढच्या उन्हाळ्यापर्यंत नाही. बोअरचं पाणी असेल तर मातीवर पांढरा थर येतो, पावसाचं पाणी बाटल्यांत भरून ठेवलंत तर त्याला आवडेल.

कोथिंबीर जुडी | २१ सप्टेंबर, रात्री ८:२०

माझा लाल गोळा गेला, पण खालची काडी खिडकीत हिरवीगार झाली, आता तिलाच फांदी फुटलीये. ड्रॅगन फ्रूट लागेल का दादा?

काटेकोर | २१ सप्टेंबर, रात्री ८:४५

कुंडीत, खिडकीत? वेल मोठी झाली आणि आधाराला खांब दिलात तर फूल रात्री उमलेल. फळाचं मात्र वचन देत नाही.

पेठेतला प्र. | १८ नोव्हेंबर, रात्री ९:०५

मधली आळी, त्या दोन कोंबांपैकी एक मला मिळेल का? पोस्टाने पाठवता येतो का?

मधली आळी | १८ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नक्की! दोन्ही आता वीतभर झालेत. एक काकूंनी मागितलाय, गॅलरीत नाही, जिन्याबाहेर ठेवणार म्हणे. दुसरा तुमचा. पण पाठवू कसा?

काटेकोर | १८ नोव्हेंबर, रात्री १०:१०

कापून आठ-दहा दिवस वाळवा, तोंड कडक झाल्याशिवाय पाठवू नका. माती नको, प्लॅस्टिकची पिशवी तर नकोच, आत घाम येऊन दोन दिवसांत काळा पडेल. काट्यांवर आधी टिश्यूचा थर, मग कोरड्या वर्तमानपत्राचे चार-पाच वेढे, खोक्यात रिकाम्या जागी कागदाचे बोळे, खोक्याला दोन भोकं. सोमवारी पाठवा, म्हणजे रविवारी कुठल्या गोदामात पडून राहणार नाही. प्र., पोचल्यावर लगेच लावू नका, उघडा करून आठवडाभर सावलीत ठेवा. रस्त्यात ठेच लागलेली असली तर तोवर दिसून येते.